चालत्या प्रोग्रामची मोजदाद

चालता प्रोग्राम संगणकाकडून मुख्यतः चार गोष्टी घेतो: प्रोसेसरचा वेळ, मेमरीतली जागा, डिस्कवरची ये-जा आणि नेटवर्क. प्रत्येकीचे एकक वेगळे आणि संपण्याची तऱ्हाही वेगळी, पण तक्रार मात्र चौघींची एकाच शब्दांत येते. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात ती "भाऊ, हँग व्हई गयं" अशी असते. तहसील कचेरीभोवतीची सेवा केंद्रे, दोंडाईच्यातल्या मिरची आणि धान्याच्या पेढ्या, जिनिंगमधले वजनकाटे, शाळांच्या आणि एमएस-सीआयटीच्या लॅब, फोटो स्टुडिओ, सगळीकडे संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या कानावर हेच वाक्य पडते. त्यावर रूढ उपायही दोनच: रॅम वाढवा, नाहीतर विंडोज नव्याने मारा. दोन्ही अधूनमधून लागू पडतात, म्हणून टिकून आहेत. ते का लागू पडले हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही, आणि न मोजता दुरुस्त केलेले यंत्र महिन्याभरात पुन्हा दुकानाच्या पायरीवर येते.

या मोजणीचा उगम दुरुस्तीत नाही, बिलात आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक बसला, तेव्हा तशी यंत्रे देशात मोजकीच होती आणि संस्थेबाहेरचे संशोधकही आपली कामे घेऊन तिथे येत. यंत्र एक आणि दावेदार अनेक असले की कोणाच्या कामाने किती वेळ घेतला हे लिहून ठेवावेच लागते. मोठ्या यंत्रांवर हा रिवाज आजही तसाच आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतला २०१८ सालचा 'प्रत्युष' असो की २०२४ सालचा 'अर्क', अशा महासंगणकांवर काम टाकताना किती कोअर हवेत आणि किती वेळ लागेल हे आधी सांगावे लागते. सांगितलेली मुदत उलटली की काम बंद पाडले जाते. घरच्या किंवा दुकानातल्या संगणकावर बिल मागायला कोणी येत नाही, म्हणून हिशेबही कोणी उघडून पाहत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र प्रत्येक प्रोसेसचे खाते ती सुरू झाल्या क्षणापासून लिहीतच असते. दुरुस्तीचे बरेचसे काम म्हणजे हे तयार खाते नीट वाचणे.

प्रोसेसरचा टक्का हा सगळ्यात आधी दिसणारा आणि म्हणून सगळ्यात जास्त फसवणारा आकडा. विंडोजचा टास्क मॅनेजर सगळे कोअर मिळून शंभर धरतो. लिनक्समधला 'टॉप' नेहमीच्या मांडणीत एका कोअरचे शंभर धरतो, त्यामुळे चार कोअरच्या यंत्रावर एखादा प्रोग्राम ३८० टक्केही दाखवतो आणि त्यात काही बिघडलेले नसते. हा फरक माहीत नसला तर काय होते, ते एका जिनिंगच्या वजनकाट्यावर पाहायला मिळाले. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की तिथला संगणक रखडायचा. वजनाच्या प्रोग्रामसमोर २५ टक्के दिसत. पंचवीस म्हणजे पाऊण यंत्र मोकळे, असा सगळ्यांचा समज; त्यामुळे त्या प्रोग्रामवर कोणाचा संशयच नव्हता. पण यंत्र चार कोअरचे होते, आणि गाडी काट्यावर असो वा नसो, आकडा पंचवीसवरून हलत नव्हता. त्याचे न हलणे हीच खूण होती. प्रोग्राम एक अख्खा कोअर अडवून सिरीयल पोर्टला "वजन आले का?" असे अखंड विचारत बसला होता. काट्याचा इंडिकेटर सेकंदाला फार तर काही वेळा वजन पाठवतो. विचारणा मात्र हजारोंनी चाललेली. ज्याने प्रोग्राम लिहिला होता त्याच्याकडून दोन विचारणांच्या मध्ये थोडी विश्रांती घालून घेतली आणि तोच आकडा एकाच्या खाली आला. शंभराला कोअरच्या संख्येने भागून जे येते, म्हणजे चार कोअरला पंचवीस आणि आठला साडेबारा, त्यावर एखादा प्रोग्राम खिळून बसला असेल तर तो बहुधा रिकामे फेरे मारत असतो. अशा ठिकाणी हा एवढा भागाकार बऱ्याच महागड्या साधनांपेक्षा लवकर उत्तर देतो.

टक्का हा त्या क्षणीचा वेग असतो, एकूण खर्च नव्हे. खर्च पाहायचा तर प्रोसेसर-वेळ पाहावा लागतो. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' पानावर 'सीपीयू टाइम' हा रकाना मागून घ्यावा लागतो, तो आपण होऊन दिसत नाही. लिनक्सवर कुठल्याही आज्ञेआधी 'टाइम' लिहिले की तीन आकडे मिळतात: घड्याळात गेलेला वेळ, प्रोग्रामने स्वतःच्या गणितात घालवलेला वेळ आणि त्याच्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमने घालवलेला वेळ. मागच्या दोघांची बेरीज पहिल्याच्या आसपास असेल तर प्रोग्राम खरोखर राबतो आहे. बेरीज फारच कमी असेल तर तो कोणाची तरी वाट पाहतो आहे. प्रोग्रामने अनेक कोअर वापरले तर बेरीज घड्याळापेक्षा मोठीही येते. पहिल्यांदा ते पाहणाऱ्याला आपले घड्याळ बिघडले असे वाटते.

छोट्या गावातल्या संगणकांबद्दल या तीन आकड्यांनी जे शिकवले ते थोडे अनपेक्षित होते: इथले बहुतेक प्रोग्राम राबत नाहीत, थांबलेले असतात. दोंडाईच्यातल्या एका पेढीवर वर्षअखेरची खातेवही काढायला इतका वेळ लागे की मालकाने नवा संगणक घ्यायचे जवळपास ठरवले होते. खातेवही निघेपर्यंत घड्याळात काही मिनिटे जात, पण हिशेबाच्या प्रोग्रामचा प्रोसेसर-वेळ त्या सगळ्यात जेमतेम काही सेकंदांनी वाढे. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला असता तर त्या काही सेकंदांचे निम्मे वाचले असते; मिनिटे तशीच राहिली असती. माहितीची फाइल पलीकडच्या टेबलावरच्या यंत्रात होती, मधली केबल उंदरांनी कुरतडलेली होती आणि जोडणी शंभर मेगाबिटऐवजी दहावर उतरलेली होती. केबल बदलली आणि नव्या संगणकाचा विषय मागे पडला. दुकानदाराच्या दृष्टीने हा तोट्याचा सौदा, हेही खरेच: मोजणीने विक्री बऱ्याचदा बुडते.

प्रोसेसर-वेळाबद्दल खानदेशात आणखी एक गोष्ट शिकायला मिळते, जी थंड हवेच्या गावात सहसा शिकायला मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त, आणि प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. वेग उतरल्यावर प्रोसेसरचा एक सेकंद पूर्वीच्या सेकंदाइतका राहत नाही. डिसेंबरात एखाद्या कामाला घेतलेले प्रोसेसरचे सेकंद आणि मे महिन्यात त्याच कामाला घेतलेले सेकंद म्हणूनच सरळ ताडून पाहता येत नाहीत. प्रोग्राम तोच, फाइल तीच, तरी दुसरा आकडा फुगलेला. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर टक्क्याशेजारी प्रोसेसरचा चालू वेग गिगाहर्ट्झमध्ये लिहिलेला असतो, आणि उन्हाळ्यात आधी तो वाचावा. अडीच गिगाहर्ट्झचे यंत्र आठशे मेगाहर्ट्झवर चालत असेल तर प्रोग्रामची चौकशी पुढे ढकलून पंखा उघडावा. जिनिंगच्या आवारातल्या यंत्रांत पंख्याच्या पात्यांमागे रुईच्या तंतूंची गादीच तयार झालेली असते. ती काढली की वेग परत येतो. लॅपटॉपची तऱ्हा तशीच. वीज गेली आणि तो बॅटरीवर आला की बहुधा आपोआप हात आखडता घेतो, म्हणून मोजताना चार्जर लावलेला होता की नाही हे आकड्याशेजारी लिहून ठेवावे लागते.

मेमरीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, आणि त्यांतले निम्मे मोजण्याच्या साधनांनीच पोसले आहेत. प्रोग्रामने मागितलेली जागा वेगळी आणि प्रत्यक्ष रॅममध्ये बसलेली जागा वेगळी. ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी बहुधा ४ किलोबाइटच्या पानांत वाटते आणि नुसत्या मागणीवर रॅमचे पान देत नाही. त्या पानाला पहिल्यांदा हात लागतो तेव्हा देते. त्यामुळे लिनक्सवर 'व्हर्च्युअल' या रकान्यात एखाद्या साध्या प्रोग्रामसमोर कित्येक गिगाबाइट दिसतात आणि यंत्रात रॅम असते चार गिगाबाइट. हा आकडा पाहून घाबरण्यासारखे काही नसते. प्रत्यक्ष बसलेल्या पानांचा आकडा म्हणजे लिनक्सचा 'आरएसएस' किंवा विंडोजचा 'वर्किंग सेट'. तो जास्त खरा, पण पूर्ण खरा नव्हे, कारण एकच पान अनेक प्रोसेस मिळून वापरतात आणि ते प्रत्येकीच्या खात्यात पुन्हा पुन्हा मोजले जाते. २००८ साली आलेल्या क्रोमने टॅबांना वेगवेगळ्या प्रोसेस देण्याची रचना रुळवली, तेव्हापासून ही दुबार मोजणी घरोघरी पोचली. सेवा केंद्रावर एकाच वेळी पंधरा-वीस टॅब उघडे असणे नेहमीचे. त्यांचे आरएसएस बेरजेला घातले तर कधीकधी बेरीज यंत्रातल्या रॅमपेक्षा मोठी निघते. लिनक्समध्ये यावर तोड म्हणून 'पीएसएस' हा आकडा आला: पान चौघांत सामाईक असेल तर प्रत्येकाच्या नावावर पाव पान. त्याची बेरीज घालता येते. विंडोजमध्ये 'प्रायव्हेट वर्किंग सेट' हा रकाना सामाईक पाने वगळूनच टाकतो. ब्राउझरच्या पोटातला कोणता टॅब किती घेतो हे तर खुद्द क्रोमच सांगतो. शिफ्ट आणि एस्केप ही कळांची जोडी दाबली की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. केंद्रचालकांना शिकवलेल्या गोष्टींपैकी सगळ्यात जास्त वापरात राहिलेली हीच.

दुसरा गैरसमज मोकळ्या मेमरीचा. रिकामी पडलेली रॅम ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने वाया गेलेली रॅम असते, म्हणून ती डिस्कवरून वाचलेल्या फाइली तिथे जपून ठेवते आणि कोणी जागा मागितली की लगेच सोडते. लिनक्सच्या 'फ्री' या आज्ञेतला 'फ्री' रकाना त्यामुळे नेहमीच केविलवाणा दिसतो. वाचायचा असतो तो 'अव्हेलेबल'. एका शाळेच्या लॅबमध्ये सगळ्या यंत्रांवर रॅम साफ करणारा एक फुकटचा प्रोग्राम टाकलेला होता. तो दर काही मिनिटांनी चालत्या प्रोग्रामांची पाने रॅममधून बाहेर ढकलायचा, पडद्यावर मोकळ्या रॅमचा आकडा एकदम सुधारायचा आणि पुढच्या क्षणी ज्याला आपले पान हवे असेल तो प्रोग्राम डिस्कच्या दारात उभा राहायचा. मोजलेला आकडा चांगला आणि काम वाईट, असे उदाहरण याहून स्वच्छ मिळणे कठीण. मेमरी खरोखर कमी पडते आहे की नाही हे वापरलेल्या रॅमवरून ठरत नाही. ते ठरते डिस्कवरून परत आणाव्या लागणाऱ्या पानांवरून. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये 'हार्ड फॉल्ट्स' आणि लिनक्सच्या 'व्हीएमस्टॅट'मध्ये स्वॅपची आवक-जावक दाखवणारे दोन रकाने याचसाठी असतात. ऐंशी टक्के रॅम भरलेली आणि हार्ड फॉल्ट शून्याच्या आसपास असलेले यंत्र ठणठणीत असते. अशा यंत्रात रॅम घालणे म्हणजे ग्राहकाचा पैसा घालवणे.

रॅम घालूनही फरक पडत नाही, याची आणखी एक जात आहे. जुने ३२-बिट प्रोग्राम विंडोजवर सहसा दोन गिगाबाइटच्या पलीकडचा पत्ताच गाठू शकत नाहीत, मग यंत्रात आठ गिगाबाइट असो की सोळा. एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम मांडणारा जुना प्रोग्राम मोठे पान जोडताना मिटायचा. रॅम दोनदा वाढवून झाली होती. प्रोग्राम मिटण्याआधी त्याची मेमरी दर वेळी दीड-पावणेदोन गिगाबाइटच्या टप्प्यावर पोचलेली असे आणि उरलेली रॅम रिकामीच. एवढे दोनतीनदा लिहून ठेवल्यावर दोष कुठे ते स्पष्ट झाले. तोच प्रोग्राम ६४-बिट आवृत्तीत उपलब्ध होता.

गळतीचा प्रकार मात्र आकडा एकदा पाहून कधीच सापडत नाही. प्रोग्राम मेमरी घेतो आणि परत करायचे विसरतो. तासाभरात त्याचे काही वाटत नाही, आठवड्याने वाटते. हंगामात जिनिंगचे आणि अडतीचे संगणक दिवसेंदिवस बंदच होत नाहीत, रात्री फक्त झोपवले जातात, त्यामुळे शहरातल्या ऑफिसात कधी न दिसणाऱ्या गळत्या इथे दिसतात. उपाय साधा आहे: सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, काम थांबलेले असताना, तोच रकाना लिहून ठेवायचा. दिवसभर वरखाली होणारा आकडा निरुपद्रवी. रोज संध्याकाळी कालच्यापेक्षा थोडा वर थांबणारा आकडा संशयास्पद.

गळते ती दर वेळी मेमरीच असते असेही नाही. एका अडत दुकानात पावत्या करणारा प्रोग्राम चारपाच दिवसांनी विचित्र वागू लागे: बटणांच्या जागी काळे चौकोन, खिडक्या अर्ध्याच रंगवलेल्या. मेमरी तपासली तर व्यवस्थित, प्रोसेसर शांत, डिस्क निवांत. व्हायरसचा संशय घेऊन दोनदा विंडोज मारून झाले होते, आणि दर वेळी चारपाच दिवस सुखाचे गेल्याने तो संशय पक्काच होत गेला. विंडोज प्रत्येक प्रोसेसला रेषा, रंग, अक्षरे काढण्यासाठी लागणाऱ्या 'जीडीआय ऑब्जेक्ट्स'ची मर्यादा घालते आणि ती मुळात दहा हजारांची असते. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' पानावर हा रकानाही मागवता येतो. मागवला तेव्हा त्या प्रोग्रामसमोर साडेनऊ हजारांच्या वरचा आकडा होता आणि प्रत्येक पावती छापली की तो थोडा वाढत होता. पावतीचा फाँट दर वेळी नवा तयार होई आणि मागचा कधीच टाकला जात नसे. प्रोग्राम दुरुस्त होईपर्यंत रोज रात्री तो बंद करून सकाळी उघडायचा, एवढ्यावर तो हंगाम निघाला. चार ठळक साधनसंपत्तींच्या पलीकडेही मोजण्यासारखे काही असते हे या एका प्रकाराने जितके ठसले तितके पुस्तकाने ठसले नसते. लिनक्सवर हेच काम उघड्या फाइलींच्या संख्येबाबत करावे लागते. तिथे एका प्रोसेसला एरवी १०२४ फाइलींची मुभा असते, आणि ती संपली की प्रोग्राम कधीकधी असे कारण सांगतो ज्याचा फाइलींशी काही संबंध आहे असे वाटतही नाही.

डिस्कचा आकडा वाचताना दोन रकाने एकमेकांशी भांडतात. टास्क मॅनेजरमध्ये वरती डिस्क १०० टक्के लाल झालेली आणि खाली सगळ्या प्रोग्रामांची बेरीज सेकंदाला एखादा मेगाबाइट. शंभर टक्के म्हणजे डिस्क सतत कामात होती. किती माल वाहिला ते त्यातून कळत नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी फिरती डिस्क एका फेरीला सव्वाआठ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, त्याआधी डोके तिथवर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या जागांवरून ती सेकंदाला पाऊणशे-ऐंशी वेळाच वाचू शकते. प्रत्येक वेळी ४ किलोबाइट धरले तर तीनशे किलोबाइट झाले, आणि डिस्क पूर्ण दमलेली. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या विंडोजचे अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी आणि फाइलींची सूची करणारी सेवा एकाच वेळी त्या डिस्कवर तुटून पडतात. पहिला ग्राहक येतो तो नेमका तेव्हाच. इथे एसएसडी बसवण्याने जो फरक पडतो तो दुसऱ्या कुठल्याही खर्चाने पडत नाही, कारण तिला फिरायचे आणि सरकायचे नसते. ज्या यंत्रांचे "रॅम वाढवली आणि सुधारले" असे सांगितले जाते, त्यांतल्या पुष्कळांत खरे पाहता डिस्कवरचा ताण हलका झालेला असतो.

लिनक्सच्या यंत्रांवर हाच प्रकार 'लोड ॲव्हरेज'च्या रूपाने समोर येतो. एका महाविद्यालयाच्या सर्व्हरवर लोड बारापर्यंत चढलेला आणि प्रोसेसर नव्वद टक्के मोकळा, हे पाहून तिथल्या मंडळींनी साधनच चुकते आहे असे ठरवले होते. साधन बरोबर होते. १९९३ मध्ये झालेल्या एका बदलापासून लिनक्स या आकड्यात फक्त प्रोसेसरसाठी रांगेत असलेल्या प्रोसेस धरत नाही, तर डिस्कसारख्या गोष्टीसाठी न उठवता येणाऱ्या झोपेत गेलेल्याही धरतो. जुनी डिस्क मरणपंथाला लागली होती आणि डझनभर प्रोसेस तिच्यासमोर ताटकळत होत्या. अलीकडच्या कर्नलमध्ये, ४.२० या आवृत्तीपासून, प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कशापायी कामे किती टक्के वेळ अडली हे वेगवेगळे सांगणारी सोय आहे. वापर मोजण्याऐवजी अडणे मोजणारी ही रीत या सगळ्या रकान्यांमध्ये सगळ्यात सरळ आहे.

नेटवर्कपायी अडणे हा सेवा केंद्रांचा खास विषय. २०१७ च्या जूनमध्ये राज्य सरकारने कर्जमाफी जाहीर केली आणि अर्ज ऑनलाइन भरायचे ठरले, तेव्हा त्या पावसाळ्यात केंद्रांवर रात्री उशिरापर्यंत रांगा लागत. पीक विम्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवसांतही तेच दृश्य असते. अशा वेळी रांगेतल्या शेतकऱ्याचा राग समोरच्या यंत्रावर आणि ते चालवणाऱ्यावर निघतो. यंत्राचे चारही आकडे पाहिले तर सगळे निवांत. वाट पाहिली जाते ती पलीकडच्या सर्व्हरची, आणि तेही सिद्ध करता येते: ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून 'नेटवर्क' पान उघडले की प्रत्येक विनंतीचा वेळ तुकड्या-तुकड्यांत दिसतो. जोडणी व्हायला किती, पहिले अक्षर परत यायला किती, बाकीचे उतरायला किती. पहिल्या अक्षराआधीच पंचवीस सेकंद गेले असतील तर इथे काहीही बदलून उपयोग नाही. उतरायलाच वेळ जात असेल तर मात्र आपल्या जोडणीचा दोष. रांगेतल्या माणसाला याने अर्ज लवकर भरून मिळत नाही. केंद्रचालक मात्र रात्री तीच तीच यंत्रे बंद-चालू करणे सोडून देतो आणि पहाटे, गर्दी नसताना बसतो.

मोजण्याच्या साधनांचेही दोष असतात. टास्क मॅनेजर नेहमीच्या गतीत सेकंदाला एकदा आकडे ताजे करतो. मधल्या काळातली उसळी सरासरीत विरून जाते. अर्जाला जोडायची कागदपत्रे ठरावीक किलोबाइटमध्ये बसवावी लागतात, त्यासाठी एका केंद्रावर सगळे फोल्डर एकदम लहान करणारी एक छोटी स्क्रिप्ट होती. ती चालू असताना एकूण प्रोसेसर नव्वदच्या वर, पण यादीत वर कोणीच नाही. स्क्रिप्ट प्रत्येक फाइलीसाठी नवा प्रोग्राम उघडत होती आणि तो अर्ध्या सेकंदात काम उरकून नाहीसा होत होता. यादी ताजी होईपर्यंत गुन्हेगार निघून गेलेला. अशांसाठी नुसती पाहणी पुरत नाही, प्रत्येक प्रोसेसच्या जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारे साधन लागते. पण नोंदीलाही किंमत असते. लिनक्सवरचा 'एसट्रेस' प्रोग्रामच्या प्रत्येक मागणीला मध्ये अडवतो आणि त्या प्रोग्रामला कित्येक पटींनी मंदावतो. तो लावून घेतलेले सेकंद कोणाला दाखवू नयेत. एककांचाही घोळ असतो. एकाच आज्ञावलीने विचारलेली कमाल मेमरी लिनक्स किलोबाइटमध्ये सांगतो आणि मॅक बाइटमध्ये. दोन्हींवर मोजून एकाच तक्त्यात मांडणाऱ्याचा आकडा हजारपटींनी चुकतो आणि इतका भव्य चुकल्यामुळेच सहसा पकडला जातो.

फोनवर ही मोजणी त्रोटकच होते. स्वस्त फोनमध्ये दोन-तीन गिगाबाइट रॅम असते, आणि शेतातून फोटो काढायला कॅमेरा उघडला की अँड्रॉइड जागेसाठी मागचे ॲप मारून टाकतो. परत यावे तर ॲप पहिल्या पानापासून सुरू. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट दाबले की डेव्हलपरचे पर्याय खुलतात आणि मेमरीचा हिशेब तिथे दिसतो. बहुतेक वेळा त्यात दोष त्या ॲपचा नसतो, मागे जागे राहिलेल्या भलत्याच चारपाच ॲपांचा असतो.

सगळ्यात भरवशाची मोजणी एमएस-सीआयटीच्या लॅबमध्ये होते, कारण तिथे एकाच दिवशी घेतलेली एकसारखी दहा-वीस यंत्रे ओळीने असतात. एका यंत्रात एकच गोष्ट बदलायची, शेजारचे तसेच ठेवायचे, दोन्हींवर तेच काम तीनचार वेळा करायचे. पहिली फेरी सोडून द्यायची, कारण तेव्हा फाइली डिस्कवरून येतात आणि पुढच्या वेळी रॅममधून. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तेव्हा अशाच एका लॅबपुढे प्रश्न होता. विंडोज ११ किमान चार गिगाबाइट रॅम मागते, तेवढी होती. पण ती टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीनंतरचे प्रोसेसरही मागते, ते नव्हते. यंत्रे मोडीत काढायची की त्यांवर लिनक्स टाकायचे, यावर बरेच दिवस नुसती मते मांडली गेली. शेवटी शेजारच्या दोन यंत्रांवर, एकावर विंडोज आणि दुसऱ्यावर लिनक्स ठेवून, तीच कामे लावली: ब्राउझरमध्ये सहा टॅब, एक तक्ता, मराठी टंकलेखनाची एक मोठी फाइल. फिरत्या डिस्कवर दोन्ही यंत्रे रखडली, लिनक्सचे थोडे कमी. दोन्हींत एसएसडी बसवल्यावर हार्ड फॉल्टचा आणि स्वॅपचा त्रास जाणवेनासा झाला आणि यंत्रांतला फरक घड्याळात धरण्याइतका उरला नाही. लॅबने यंत्रे ठेवली, एसएसडी घेतल्या, आणि विंडोजवाचून अडणाऱ्या परीक्षेच्या कामापुरते काही नवे संगणक घ्यायचे ठरले.